चालत्या चिपची नाडी

पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतली छोटी शेड. टेबलावर तीन हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर फिरत होती, शेजारी आम्ही तयार करत असलेल्या ड्राइव्हचं उघडं बोर्ड होतं आणि त्यातून एक चपटी केबल माझ्या लॅपटॉपकडे आली होती. मोटर काही सेकंद शांत फिरायची, मग तिचा वेग हेलकावू लागायचा, मग पुन्हा शांत. हे का होतं ते शोधायचं होतं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधताना आपण जे करतो तेच मी केलं. संशय होता त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि प्रोग्रॅम तिथे थांबायची वाट बघू लागलो.

प्रोग्रॅम थांबला. पडद्यावरचा बाण बरोबर त्या ओळीवर आला आणि त्याच क्षणी टेबलावर फटाका फुटावा तसा आवाज झाला. मोटरला वीज पोचवणाऱ्या आयजीबीटी मॉड्यूलचं झाकण तडकलं होतं, शेडभर जळका वास पसरला. जास्त प्रवाह गेला की सगळं तोडणारी संरक्षणाची वायर टेबलावरच्या त्या जुळणीत मी अजून जोडलेली नव्हती. ती चूक माझीच. पण मूळ कारण वेगळं होतं: जी चिप एक क्षणही थांबायला नको होती, तिला मी थांबवलं होतं.

वैद्य नाडी बघतो तेव्हा रक्त वाहत असतं आणि हृदय चालू असतं, म्हणूनच नाडीतून काही कळतं. चालत्या चिपचीही अशीच नाडी बघता यावी यासाठी चिप बनवणाऱ्यांनी गेली चाळीस वर्षं फार विचार केला आहे. त्या विचाराची ही गोष्ट.

थांबलं की काय होतं

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. आवाज, विजेचा प्रवाह, कंपन, रेडिओलहरी अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींचे नमुने ठरावीक अंतराने घ्यायचे, त्यांच्यावर गुणाकार-बेरजांची मालिका चालवायची आणि पुढचा नमुना येण्याआधी उत्तर तयार ठेवायचं, हे त्याचं काम. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआयचा) टीएमएस३२०१० हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेला डीएसपी २०० नॅनोसेकंदांत एक सूचना पार पाडायचा, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख. १६ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकारही त्यात एकाच फेरीत होई. आज त्याचे वंशज सोलर इन्व्हर्टरमध्ये, यूपीएसमध्ये, कानाच्या मशीनमध्ये, गाड्यांमध्ये आणि कारखान्यातल्या मोटर ड्राइव्हमध्ये बसलेले आहेत.

माझ्या टेबलावरच्या बोर्डात याच घराण्यातला एफ२८३३५ होता, १५० मेगाहर्ट्झचा. तो दर सेकंदाला दहा हजार वेळा मोटरचा प्रवाह मोजत होता. दोन मोजमापांमध्ये १०० मायक्रोसेकंदांचं अंतर, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या १५ हजार फेऱ्या. तेवढ्यात प्रवाह वाचायचे, हिशोब करायचा आणि सहा आयजीबीटी स्विच किती वेळ चालू ठेवायचे ते पीडब्ल्यूएमला, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागाला, सांगायचं. हा आकडा दर वेळी थोडा थोडा बदलतो, म्हणूनच मोटरला खालीवर होणारी साइन लहर मिळते.

ब्रेकपॉइंट लागला तेव्हा हिशोब थांबला, पण पीडब्ल्यूएमचा टायमर हा चिपमधला स्वतंत्र भाग आहे. त्याला शेवटचा आकडा मिळालेला होता आणि तो तेवढाच आकडा पुन्हा पुन्हा चालवत राहिला. लहर जिथे होती तिथे गोठली. मोटरच्या गुंडाळीला एसीऐवजी एकदम डीसी मिळू लागलं. एसीला गुंडाळीचं इंडक्टन्स अडवतं, डीसीला फक्त तांब्याचा रोध. समजा त्या क्षणी १५० व्होल्ट होते आणि वाटेत तीन ओहम, तर पाच अँपिअरच्या मोटरमध्ये प्रवाह पन्नासकडे धावतो. काही मिलिसेकंदांचं काम.

मग थांबवू नये, चालत्या प्रोग्रॅममधूनच आकडे छापून बघावेत असं वाटेल. पण सिरियल पोर्टवर ११५२०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. अक्षर जाईपर्यंत प्रोग्रॅम खोळंबला तर आपल्या १०० मायक्रोसेकंदांपैकी बहुतेक वेळ एका अक्षरातच संपतो. शिवाय छपाईच्या ओळी घातल्या की वेळेचं गणित बदलतं आणि कधी कधी चूकच दिसेनाशी होते. बघायला गेलं की लपणाऱ्या अशा चुकांना 'हायझेनबग' म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या एका निबंधात हा शब्द वापरला आहे.

चार तारांचा दरवाजा

पूर्वी यावर उपाय होता तो म्हणजे बोर्डावरची चिप काढून तिच्या जागी एक मोठं यंत्र लावायचं. त्याला इन-सर्किट इम्युलेटर म्हणत. सॉकेटमध्ये चिपऐवजी जाड केबलचं टोक बसे आणि पलीकडचं यंत्र चिपचं सोंग घेई. त्याच्या पोटात बहुधा तीच चिप असे, पण खास बनवलेली, आतले सिग्नल जादा पिनांवर बाहेर काढलेली. ही यंत्रं महाग असत. चिपचा वेग वाढला तशी ती लांब केबल सिग्नल बिघडवू लागली, आणि पुढे चिपच्या पिना पोटाखाली लपल्या तेव्हा सॉकेट लावायचीही सोय उरली नाही.

नेमकी हीच अडचण कारखान्यांनाही होती. बोर्डावरचे सगळे टाके नीट बसलेत की नाही, हे तपासायला सुई टेकवायला जागाच उरत नव्हती. त्यासाठी १९८५ मध्ये युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक कंपन्या एकत्र आल्या, पाठोपाठ अमेरिकेतल्याही आल्या. या गटाचं नाव जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप, म्हणजेच जेटॅग. त्यांनी केलेली रचना १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या क्रमांकाचं प्रमाण झाली.

कल्पना साधी आणि सुंदर आहे. चिपच्या प्रत्येक पिनेमागे एका बिटाचा एक खण ठेवायचा आणि सगळे खण एका रांगेत जोडायचे. पंगतीत एका टोकाला बसलेल्याने पत्रावळ द्यावी आणि ती हातोहात सरकत शेवटपर्यंत जावी, तसे बिट एका तारेतून आत येतात, खणाखणांतून सरकतात आणि दुसऱ्या तारेतून बाहेर पडतात. आत जाणारी तार टीडीआय, बाहेर येणारी टीडीओ, ठोका देणारी टीसीके आणि काय करायचं ते सांगणारी टीएमएस. चार तारा झाल्या. आत सोळा अवस्थांचं एक छोटं नियंत्रक यंत्र असतं आणि टीएमएसच्या तालावर ते एका अवस्थेतून दुसरीत जातं. त्यात एक गोष्ट मला फार आवडते: यंत्र कुठल्याही अवस्थेत असो, टीएमएसवर लागोपाठ पाच वेळा 'एक' दिला की ते मूळ जागेवर परत येतं. वाट चुकलेल्याला घरी आणायची खात्रीची खूण त्यातच करून ठेवली आहे.

टाके तपासायला केलेला हा दरवाजा चिप बनवणाऱ्यांना दुसऱ्या कामालाही उपयोगी वाटला. पिनांच्या खणांऐवजी सीपीयूचे रजिस्टर, मेमरी आणि थांबा-चाला हे हुकूम याच तारांवरून का नेऊ नयेत? मोटोरोलाने डीएसपी५६००२ सारख्या चिपमध्ये यासाठी ऑन-चिप इम्युलेशन नावाचा वेगळा भाग आणि वेगळ्या पिना दिल्या होत्या. नंतरच्या ५६३०० मालिकेत तोच भाग जेटॅगच्या तारांमागे गेला. म्हणजे सोंग घेणारं यंत्र चिपच्या आतच येऊन बसलं. लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यामध्ये असलेल्या डबीला आम्ही आजही 'इम्युलेटर' म्हणतो ते या जुन्या यंत्राच्या आठवणीनेच. खरं तर ती डबी आता फक्त निरोप्याचं काम करते.

सिलिकॉनमधले पहारेकरी

आत बसलेल्या या भागात काय काय असतं? सगळ्यात आधी ब्रेकपॉइंट. तो दोन प्रकारांनी लागतो. प्रोग्रॅम रॅममध्ये असेल तर डीबगर, म्हणजे लॅपटॉपवरचा चुका शोधणारा प्रोग्रॅम, त्या जागची सूचना काढून तिथे 'थांब' ही सूचना लिहितो आणि पुढे जाताना मूळ सूचना परत ठेवतो. असे कितीही लावता येतात. पण कारखान्यातून बाहेर पडलेला प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये असतो, आणि तिथली एक सूचना बदलायची तर आख्खा भाग पुसून पुन्हा लिहावा लागतो. तिथे हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागतो: आपण एक पत्ता देऊन ठेवतो, आणि चिपमधलं तुलना करणारं सर्किट सीपीयू कोणत्या पत्त्यावर आला ते प्रत्येक फेरीत बघत राहतं. जुळलं की इशारा. प्रोग्रॅमला हात लागत नाही, एक फेरीही वाया जात नाही. पण प्रत्येक पहारेकऱ्याला सिलिकॉनवर जागा लागते, म्हणून ते मोजकेच असतात. एफ२८३३५ मध्ये असे दोनच. नवा माणूस तिसरा ब्रेकपॉइंट लावतो, डीबगर नकार देतो आणि तो गोंधळतो. कारण इतकंच.

हाच पहारेकरी प्रोग्रॅमच्या पत्त्याऐवजी डेटाच्या पत्त्यावर उभा केला की त्याला वॉचपॉइंट म्हणतात. 'या जागी कोणीही काही लिहिलं की मला सांग' असं त्याला बजावता येतं.

पण दोन्हींचा शेवट थांबण्यातच होतो आणि थांबणं किती महाग पडतं ते वर आलंच आहे. त्यासाठी टीआयच्या सी२८ गाभ्यात (एफ२८३३५ मध्ये हाच गाभा आहे) रिअल-टाइम मोड आहे. यात डीबगरने 'थांब' म्हटलं की मुख्य प्रोग्रॅम थांबतो, पण तातडीची म्हणून आधी नोंदवलेली इंटरप्टची, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून करायची, कामं चालूच राहतात. ही नोंद डीबीजीआयईआर नावाच्या रजिस्टरमध्ये करायची. इंटरप्टना परवानगी देणाऱ्या नेहमीच्या आयईआर रजिस्टरमध्ये आणि यात, दोन्हीकडे परवानगी असलेलं इंटरप्ट थांबलेल्या अवस्थेतही धावतं. माझ्या ड्राइव्हमध्ये प्रवाहाचा हिशोब इंटरप्टमध्ये होता. ती एक नोंद केली असती तर पडद्यावर बाण थांबला असता आणि मोटर फिरत राहिली असती.

याच मोडमधली एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते: इंटरप्टच्या आत लावलेला ब्रेकपॉइंट लागतच नाही. इंटरप्टमध्ये शिरताना सीपीयू डीबीजीएम नावाचा बिट आपोआप वर करतो, आणि तो वर असेपर्यंत डीबगरला मध्ये येता येत नाही. तातडीच्या कामाला आतून लावलेली ही कडी आहे. आत बघायचंच असेल तर प्रोग्रॅमनेच तो बिट खाली करावा लागतो. ती जबाबदारी समजून घेऊन.

मेमरी बघण्यासाठी तर सीपीयूला थांबवावंच लागत नाही. मेमरीची बस ज्या फेरीत रिकामी असते तेवढी फेरी पकडून डीबगरचा भाग हवा तो आकडा उचलून आणतो. रहदारीत मोकळी जागा मिळताच रस्ता ओलांडावा तसं हे आहे.

पेरिफेरलचाही विचार झालेला आहे. पीडब्ल्यूएमच्या टायमरमध्ये फ्री आणि सॉफ्ट असे दोन बिट असतात. सीपीयू थांबला तर टायमरने लगेच थांबायचं, चालू आवर्तन पूर्ण करून थांबायचं की चालतच राहायचं, ते यांवरून ठरतं. मोटरसाठी यांतलं काहीही एकट्याने पुरेसं नाही; आयजीबीटी चालू असताना टायमर गोठला तर तो चालूच राहील. म्हणून याच घराण्यातल्या पुढच्या चिपमध्ये, एफ२८०६९ सारख्यांमध्ये, 'डीबगरने सीपीयू थांबवला' हा सिग्नल थेट पीडब्ल्यूएमच्या ट्रिप यंत्रणेला, म्हणजे सगळं तोडणाऱ्या भागाला, जोडण्याची सोय दिली. सीपीयू थांबताक्षणी सहाही आयजीबीटी बंद. माझ्यासारखे किती आवाज वेगवेगळ्या टेबलांवर झाले असतील तेव्हा कुठे ही तार सिलिकॉनमध्ये ओढली गेली असेल, असं मला नेहमी वाटतं.

चोर सापडला

नवं मॉड्यूल बसवल्यावर मी हे सगळं शिकून पुन्हा टेबलावर बसलो. आधी संरक्षणाची वायर जोडली. मग रिअल-टाइम मोड चालू केला आणि मोटर फिरत असताना वेगनियंत्रणाचे आकडे एकेक करून पडद्यावर बघू लागलो. संदर्भवेग स्थिर होता. प्रवाह ठीक. मग नजर एका आकड्यावर थांबली: वेगाच्या लूपचा गेन, म्हणजे वेगातली चूक किती जोरात दुरुस्त करायची ते ठरवणारा आकडा. तो सुरुवातीला एकदा ठरतो आणि नंतर त्याला कोणी हात लावायचा नसतो. माझ्या डोळ्यांदेखत तो बदलला. चार सेकंदांनी पुन्हा बदलला. मोटरचा स्वभाव दर चार सेकंदांनी पालटत होता तो यामुळे.

आता लिहिणारा कोण ते पकडायचं होतं, आणि त्यासाठी थांबणं भाग होतं. म्हणून ड्राइव्हची मोठी वीज काढली आणि प्रवाहाला मर्यादा लावता येणाऱ्या बेंच सप्लायवरून फक्त ३० व्होल्ट दिले. गेनच्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावला. काही क्षणांतच तो लागला. बाण नोंदी साठवणाऱ्या फंक्शनमध्ये येऊन थांबला, प्रत्यक्ष लिहिणाऱ्या ओळीच्या जरा पुढे. पाइपलाइनमध्ये आधीच शिरलेल्या सूचना पूर्ण होतात, म्हणून तो नेहमी असा थोडा पुढे थांबतो. दर २० मिलिसेकंदांनी प्रवाहाची एक नोंद, अशा २०० नोंदींसाठी जागा होती, म्हणजे बरोबर चार सेकंद. तुलनेत 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा समान' लिहिलं गेलं होतं, त्यामुळे २०१ वी नोंद हद्द ओलांडून शेजारच्या घरात पडत होती. मेमरीत कोण कुठे राहतं ते सांगणारी मॅप फाइल उघडून बघितली. शेजारी गेनच राहत होता.

चूक एका चिन्हाची होती. कोड कितीही वेळा वाचला असता तरी ती ओळ वेगनियंत्रणाच्या फाइलमध्ये दिसली नसती, कारण ती तिथे नव्हतीच.

वेग वाढला तशी नजर बदलली

मोठ्या डीएसपींमध्ये प्रश्न आणखी अवघड होतो. १९९७ मध्ये आलेल्या टीआयच्या सी६००० घराण्यात आठ कामकरी एकक आहेत आणि एका फेरीत आठपर्यंत सूचना एकदम चालतात. उडी मारायची सूचना आली तरी ती प्रत्यक्षात येण्याआधी पाच फेऱ्या पुढचं काम होत राहतं. कंपायलर लूपची तीन-चार आवर्तनं एकमेकांत विणून टाकतो. अशा ठिकाणी 'आत्ता कोणती ओळ चालू आहे' या प्रश्नाला एक उत्तर नसतं.

तिथे ट्रेस कामी येतो. सीपीयू कोणत्या वाटेने गेला याची दाबून लहान केलेली नोंद चिपमधला एक भाग आपल्या छोट्या मेमरीत सतत लिहीत राहतो, किंवा खास पिनांवरून बाहेरच्या यंत्राला पाठवतो. घटना घडली की मागे वळून वाचायचं. गाड्यांच्या इंजिन नियंत्रकांना चाचणीच्या रस्त्यावर थांबवून चालत नाही. अशा गरजेतून १९९९ मध्ये नेक्सस नावाचं प्रमाणही तयार झालं.

सी२८ च्या नव्या चिपमध्ये ईआरएडी नावाचा भाग आहे. त्यात बसवर नजर ठेवणारे आठ तुलनाकार आणि चार मोजणीयंत्रं आहेत. इंटरप्ट कधी सुरू झालं, कधी संपलं आणि आजवर सगळ्यात जास्त वेळ किती लागला, हे प्रोग्रॅममध्ये एक ओळही न घालता मोजता येतं. पूर्वी आम्ही यासाठी इंटरप्टच्या सुरुवातीला एक पिन वर आणि शेवटी खाली करायचो आणि ऑसिलोस्कोपवर त्या ठोक्याची रुंदी बघायचो. ती युक्ती आजही चांगली आहे. पण तिला एक मोकळी पिन लागते, आणि हजारात एकदा येणारा लांब ठोका डोळ्यांतून सहज निसटतो.

दरवाजा आणि कुलूप

ज्या दरवाजाने आपण आत बघतो त्याच दरवाजाने दुसराही बघू शकतो. अनेक वर्षांच्या मेहनतीचं नियंत्रणाचं गणित चार तारांवरून कोणी उचलून नेऊ नये म्हणून एफ२८३३५ मध्ये १२८ बिटांचा पासवर्ड असतो, फ्लॅशच्या शेवटच्या आठ शब्दांत. त्यात एक सापळा आहे आणि तो प्रत्येक शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो: हे सगळे बिट शून्य झाले तर चिप कायमची बंद होते, कोणालाही उघडता येत नाही. फ्लॅश पुसण्याची पहिली पायरी म्हणजे सगळे बिट शून्य करणं. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर पासवर्डही शून्यच राहण्याचा धोका असतो. म्हणून फ्लॅश लिहिणारं बोर्ड यूपीएसवर ठेवायचं.

दुसरी सूचना जिवाची आहे. अनेक ड्राइव्हमध्ये खर्च वाचवायला नियंत्रणाचा ग्राउंड थेट डीसी बसच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तिथे साधा इम्युलेटर लावला की लॅपटॉपची आणि ती लावणाऱ्या हाताची गाठ थेट मेनशी पडते. अशा ठिकाणी विद्युतदृष्ट्या अलग केलेला इम्युलेटरच वापरायचा, याला अपवाद नाही.

हे सारं चिपमध्ये तयार असतं, आपण त्याचे पैसेही भरलेले असतात. तरी त्याच्यापर्यंत पोचायची वाट बोर्ड बनवणाऱ्यालाच ठेवावी लागते: सात-सात पिनांच्या दोन रांगा, सहावी पिन कापलेली, म्हणजे केबल उलटी बसत नाही, आणि जेटॅगच्या नियंत्रकाला मूळ जागेवर आणणाऱ्या टीआरएसटी पिनेला ग्राउंडकडे ओढून धरणारा एक रेझिस्टर, म्हणजे मोटरच्या गोंगाटात चिप भलत्याच अवस्थेत जाणार नाही. बोर्डाचा खर्च कमी करायची बैठक झाली की पहिला विळा याच कनेक्टरवर पडतो, कारण विकलेल्या ड्राइव्हमध्ये त्याचं काही काम दिसत नाही.

मी दर वेळी तिथे एकच मागणी करतो. कनेक्टर बसवू नका हवं तर. पण बोर्डावर ती चौदा भोकं ठेवा. तीन वर्षांनी कुठल्यातरी पंपहाऊसमध्ये मोटर हेलकावू लागेल, तेव्हा कोणीतरी तिथे बसून त्या भोकांत पिना सोल्डर करेल आणि पंप बंद न करता त्याची नाडी बघेल.